वहिनीच्या घड्याळात गेलेलं पाणी

आबा, तुम्ही मला फार थोड्या गोष्टींना नाही म्हणालात, आणि त्यातली एक अजून माझ्या पोटात तशीच आहे. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी सोळा वर्षांची. साताऱ्याच्या आपल्या घरात पुढच्या खोलीत तुमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि मागे माझा स्वयंपाक, मध्ये एक दार. त्या दारातून मी रोज तुमचे हात बघायची. कुठलं चाक कुठल्या चाकाच्या आधी निघतं ते मला पाठ झालं होतं. एक दिवस ताट वाढता वाढता म्हटलं, आबा, मला शिकवा. तुम्ही रागावला नाहीत. घास खाली ठेवून शांतपणे म्हणालात, "तू जायची हाईस, बाई. शिकवलेलं तुझ्यासंगं जाईल. मग हितं काय राहील?" तुमचं म्हणणं बरोबर होतं. मी आमटी वाढली.

पुढच्या वर्षी दादाचं लग्न झालं. वहिनी लोणंदकडच्या शेतकरी घरातली, तिच्या माहेरी दोन चुलते पलटणीत. दीड महिन्यात दादाही लढाईवर गेला आणि घरात आपण तिघं उरलो. तुमच्या डोळ्यांत तेव्हा पडदा धरायला लागला होता, हे तुम्ही कुणाला सांगत नव्हता. एका सकाळी तुमच्या चिमट्यातून मोहरीपेक्षा बारीक स्क्रू खाली पडला आणि तुम्ही जमिनीवर हात फिरवत बसलात. मी कणीक मळत होते. हात धुऊन येईपर्यंत वहिनीनं तो शोधून, बोटाच्या टोकावर चिकटवून तुमच्यापुढे धरला होता. तुम्ही स्क्रूकडे नाही, तिच्या बोटाकडे बघत राहिलात. ते बोट हलत नव्हतं. मला वाटतं, माझं सगळं त्या एका मिनिटात गेलं. कणीक मळत नसते तर ते बोट माझं असतं, असं मी कितीदा मनाशी म्हटलंय.

आठ दिवसांनी तुम्ही कामाचं मेज स्वयंपाकघराशेजारच्या आतल्या खोलीत खिडकीपाशी आणलंत, गिऱ्हाइकांच्या नजरेआड, आणि त्याच्याशेजारी एक बुटकं स्टूल ठेवलंत. त्या स्टुलावर वहिनी बसायला लागली. मी भिंतीपलीकडे चुलीशी. तुमचा आवाज यायचा, "हळू. जोर न्हाई लावायचा. ते आपसूक निघतंय." माझ्याशी तुम्ही कधी इतकं हळू बोलला नव्हता. दुपारी दोघंही जेवायला यायचात, हाताला पेट्रोलचा वास, आणि ताटावर बसूनही कुठल्या तरी चाकाच्या दाताबद्दल बोलत राहायचात. मी मीठ जास्त टाकलं तरी तुमच्या ध्यानात यायचं नाही. एकदा खरंच टाकून बघितलं होतं.

तिनं पहिलं घड्याळ जुळवलं ते दोन मोडक्या फौजी घड्याळांतून. एकाचं यंत्र, दुसऱ्याची तबकडी आणि काच. ते चालू झालं तेव्हा तुम्ही त्याचा पट्टा कापून आखूड केलात, त्याला जास्तीचं भोक पाडलंत आणि म्हणालात, "घाल मनगटाला. तुजंच हाय." आपल्या गल्लीत तेव्हा बाप्यांच्याही हातात घड्याळं नव्हती. ती लाजली, पण तिनं हात पुढे केला. पट्टा तुम्ही बांधलात.

लढाई संपायला वर्षभर असताना माझं लग्न ठरलं, सांगलीच्या हळदीच्या पेठेत कारकुनी करणाऱ्या माणसाशी. तुम्ही जावयाला घड्याळ दिलंत. तेही तसंच दोन मोडक्यांतून जुळवलेलं, पण हात तुमचा होता. आणि मला काय दिलंत? पत्र्याचा एक लहान डबा, त्यात मलमलचे तुकडे, मेणाचा गोळा आणि पुरचुंडीत बांधलेले कळीच्या चुन्याचे खडे. लग्नाच्या आदल्या दुपारी मला खिडकीपाशी बोलावलंत, स्टुलावर बसवलंत. मला वाटलं, आता तरी. तुम्ही सांगायला लागलात: "न्हाताना, हात धुताना काढायला लावायचं. ओल्या हातानं चावी द्यायची न्हाई. चावी बाहेर राहिली तर तितनंच पाणी शिरतं, म्हणून घालायच्या आधी दाबून बघायची. काढलेलं घड्याळ चुलीपाशी ठेवू नको, वाफ पाण्याहून वाईट. रोज संध्याकाळी पाठीचा घाम कोरड्या मलमलनं पुसायचा. पावसाळ्यात रात्री डब्यात, चुन्यासंगं, चुना ओल वढून घेतो. खडे फुटून पीठ झालं की चुना बदलायचा. झाकणाच्या कडंला वर्षातनं एकदा मेणाचा हात फिरवून घ्यायचा, पर त्ये सातारला आणून. आणि काचंवर आतनं वाफ दिसली तर त्याच दिशी उघडायचं. पाणी आत गेल्यानं घड्याळ मरत न्हाई. आत राहिल्यानं मरतं." मी विचारलं, "उघडायचं कुणी?" तुम्ही म्हणालात, "हितं पाठव. सूनबाई उघडंल."

घड्याळ जावयाचं, उघडायचं वहिनीनं, आणि जपायचं मी. सांगलीला जाताना मोटारीत तो डबा माझ्या मांडीवर होता आणि मी सगळा रस्ता कुणाशी बोलले नाही. सासरच्यांना वाटलं, माहेर सुटल्याचं दुःख आहे.

पण मी ते जपलं, आबा. कृष्णाकाठचं गाव, पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. आमच्या ह्यांना नदीवर अंघोळीला जाताना घड्याळ घालून मिरवायचं असायचं. मी रोज सकाळी उंबऱ्यात आडवी. "आवं, घड्याळ काढा." ते म्हणायचे, "घाटावर काढून ठेवतो." मी म्हणायची, "घाट ओला असतो." मग हात पुढे करायचे, पोरासारखे. शेजारच्या जैन काकूंच्या यजमानांच्या घड्याळात काचेखाली धुकं धरलं तेव्हा काकू ते उन्हात ठेवायला निघाल्या होत्या. मी सांगितलं, "उन्हानं काच साफ दिसेल, पाणी आतच राहील. उघडायला पाहिजे." त्यांनी ते माझ्यासमोर धरलं, "मग उघड की." मला उघडता येत नव्हतं. ते साताऱ्याला धाडलं. महिन्यानं परत आलं, सुरेख चालू होऊन, आणि डबीत एक चिठ्ठी: ओल्या हातानं चावी देऊ नये. वाक्य तुमचं, अक्षर वहिनीचं. काकू पेठेत सगळ्यांना सांगत सुटल्या, साताऱ्यात एक बाई घड्याळं करते, काय हात आहे. मी मान डोलावत राहिले.

त्याच वर्षी श्रावणात पंचमीला माहेरी आले. तुम्ही लोणंदला गेला होता, एका व्यापाऱ्याचं भिंतीवरचं घड्याळ लावून द्यायला. संध्याकाळी येणार होता. वहिनी मागे आडावर कपडे धूत होती. जाण्याआधी तिनं मनगटावरचं काढून, रुमालात गुंडाळून फडताळात ठेवलं होतं, अगदी तुम्ही शिकवलं तसं. मी रुमाल उघडला. सुरुवातीला फक्त घालून बघायचं होतं. पट्टा मला बरोबर बसला. आमची दोघींची मनगटं सारखीच होती, आबा, तुम्ही कधी पाहिलं नसेल. मी हात खिडकीशी धरून बघितला, टिकटिक ऐकली. मग काय झालं ते मी उगाच गुळगुळीत करून सांगणार नाही. मी स्वयंपाकघरात गेले, नखानं चावी बाहेर ओढली आणि हात घंगाळात मनगटापर्यंत बुडवला. चावी ओढल्याशिवाय पाणी लवकर आत जाणार नाही हे मला माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतंत. पाणी गार होतं. मी हात बाहेर काढला, घड्याळ पदरानं कोरडं केलं, चावी दाबली, रुमाल होत्या त्याच घड्यांत मिटला.

वहिनीनं कपडे वाळत घालून आल्यावर रुमाल उघडला. मी तांदूळ निवडत बसलेली. ती दारात येऊन उभी राहिली, घड्याळ तळहातावर. "वन्सं, ह्यात पाणी गेलंय." मी म्हटलं, "कसं काय?" ती माझ्या हातांकडे बघत होती. पदराचं टोक अजून ओलं असणार. मला वाटलं, आता बोलेल, आता ओरडेल. ती म्हणाली, "मामंजींना यायला सांज हुईल. तवर गंज धरंल. मला एकटीला जमायचं न्हाई, आभाळ आलंय, उजेड कमी हाय. तुमी आरसा घिऊन या."

आता मी आरसा धरून उभी आहे. ढगांतून ऊन येतं तेव्हा ते आरशात पकडून मेजावर पाडायचं, जातं तेव्हा दोघींनी थांबायचं. ती डोळ्याला भिंग लावते, पातळ सुरीनं मागचं झाकण उचलते. आत पोलादावर पाण्याचे थेंब बसलेत, अळवाच्या पानावर बसतात तसे. इतकं सुंदर काही मी जवळून पाहिलं नव्हतं. ती एकेक भाग काढते, पेट्रोलच्या वाटीत सोडते, वाटीवर काच झाकते. ऊन गेलं की मी आरसा ठेवते आणि ती म्हणते, "आता हे तुमी कोरडं करा. मलमलवर टिपायचं, घासायचं न्हाई. आन तोंडानं फुंकू नका, फुंकरीत पाणी असतंय." ती मला चिमटा देते. तुमचा चिमटा, आबा. मी एकेक चाक टिपते, काचेखाली ओळीनं मांडते. माझं बोट हलत नाही. ती ते बघते आणि म्हणते, "हात लय स्थिर हाय तुमचा." दोन तास आम्ही अशा होतो. जिचं वाईट करायला गेले तिच्याच शेजारी बसून मला जे हवं होतं ते मिळत होतं, आणि तरीही मी मनात म्हणत होते, हे आबांनी द्यायचं होतं, हिनं नव्हे.

तुम्ही लवकर आलात. दारात छत्री झटकलीत आणि मेजाकडे बघितलंत. एका नजरेत ओळखलंत की घड्याळात पाणी गेलंय. "कुणी भिजवलं?" वहिनी उठून उभी राहिली, पदर डोक्यावरून घेतला. "माज्याकडनंच राहिलं, मामंजी." तुम्ही वाटीवरची काच उचललीत, चावीची काडी भिंगाखाली धरलीत. "चावीकडनं गेलंय. चावी बाहेर ठिवून पाण्यात हात घातलास?" मी तिथंच होते, आरसा छातीशी धरून, आणि माझं तोंड उघडलं नाही. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "आपल्या मनगटावरचं ज्याला राखता येईना, त्यानं दुसऱ्याचं उघडू न्हाई," म्हणालात आणि ते बुटकं स्टूल उचलून माळ्यावर टाकलंत. मग मांडलेल्या चाकांकडे वाकून बघत तिला म्हणालात, "टिपलंय मात्र कोरडं." ते मी टिपलं होतं. त्या क्षणीसुद्धा, तिचं स्टूल गेलेलं असताना, मला राग आला तो ह्याचा की तेही तुम्ही तिच्याच नावावर टाकलंत.

मी सांगलीला परत आले. मला वाटलं होतं बरं वाटेल, आणि आठ-दहा दिवस वाटलंही. दसऱ्यानंतर वहिनीचं पत्र आलं. खंडाळ्याकडचा एक पेन्शनर जमादार तुमच्याकडे घड्याळ घेऊन आला होता. त्याचा मुलगा लढाईत गेला, त्याच्या सामानाबरोबर मनगटी घड्याळ घरी आलं होतं, कुठल्या पाण्यातून आलं कोण जाणे, काचेच्या आत तांबूस डाग. म्हातारा म्हणाला होता, "न्हाई चाललं तरी चालंल. पर आत गंज वाढू दिऊ नका, आबा." तुम्ही वहिनीला हात लावू दिला नाहीत. ते एकट्यानं उघडलंत, त्या डोळ्यांनी. केसासारखी बारीक कमान असते ना आत, ती चिमट्यात अडकून पिळवटली. वहिनीनं शेवटी लिहिलं होतं: मामंजींनी सहा दिवस झाले दुकान उघडलं नाही. धड जेवत नाहीत. तुम्ही एकदा येऊन जा. पत्रात दुसरं एक अक्षर नव्हतं. मला दोष देणारं तर नाहीच.

मोटारीत मी वाक्य तयार करत आले. आबा, ते मी भिजवलं होतं. पाचच शब्द, मग पूर्णविराम, पुढचं तुम्ही बघा. सासरी काय होईल, तुम्ही माझं तोंड बघाल की नाही, सगळ्याचा विचार करून मी निघाले होते. घरी पोचले तर पुढचं दुकान बंद, आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. मी ढकललं. वहिनी मेजाशी बसली होती, जमिनीवर पाट टाकून, कारण स्टूल माळ्यावरच होतं. मला नंतर कळलं, त्या सकाळी ती कुणाला न विचारता जाऊन बसली होती, आणि तुम्ही तिला उठवलं नव्हतंत. तुमच्या हातात आरसा होता. तुम्ही तिच्यासाठी ऊन धरून उभे होता, आबा, मी उभी होते अगदी त्याच जागी. मान न वळवता तुम्ही म्हणालात, "दार लोट, बाई. वाऱ्यानं बारीक सामान उडंल."

मी दार लोटलं. बाहेरून. आणि चुलीशी जाऊन भात टाकला.

ती कमान सरळ करायला तिला अकरा दिवस लागले. मी पाच दिवस राहून परत गेले, पुन्हा जमादार यायचा होता त्या दिवशी मुद्दाम आले. त्यानं घड्याळ कानाला लावलं आणि कितीतरी वेळ लावूनच ठेवलं. मग विचारलं, "कुणी केलं?" तुम्ही म्हणालात, "माज्या सुनंनं. मी बिघडवलं हुतं, तिनं केलं." म्हाताऱ्यानं आत बघून हात जोडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मेज परत पुढच्या खोलीत, रस्त्यावरून दिसेल असं मांडलंत आणि वहिनीसाठी पाठीची खुर्ची आणलीत. लोक बोलले, तुम्ही बोलू दिलंत. घड्याळ भिजवून मी तिला स्टुलावरून उठवायला गेले आणि माझ्याच हातानं तिला दुकानात बसवलं. तुम्ही मला मोटारीपर्यंत पोचवायला आलात. वाटेत विचारलंत, "तुज्या घरचं घड्याळ कसं हाय?" मी म्हटलं, "कोरडं हाय, आबा." तुम्ही म्हणालात, "बास." तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि ते माझ्याबद्दल होतं. मोटार सुटायला वेळ होता. वाक्य तोंडात होतं. पण ते समाधान मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मिळालं होतं, मला ते लगेच हातचं घालवायचं नव्हतं. पुढल्या वेळी सांगेन म्हटलं.

लढाईनंतर दादा सुखरूप आला, पण त्याचा जीव दुकानात रमला नाही, तो सासरच्या उसाकडे बघायला लागला. तुम्ही दोन पावसाळे काढलेत. तार आली तेव्हा कृष्णेला पाणी होतं, पूल बंद होता. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दुकान वहिनीनं पुढे पस्तीस वर्षं चालवलं. पुढे पाणी न शिरणारी घड्याळं आली, लोक ती घालून विहिरीत पोहायला लागले, तरी ती प्रत्येकाला सांगायची की रबराची कडा म्हातारी होते, तिच्या भरवशावर पाण्यात उतरू नका.

सध्या ती माझ्याकडे सांगलीत आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिची मुलं जवळ नाहीत, मी घेऊन आले. दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यांत औषध घालते. ती मान मागे टाकते, हात मांडीवर ठेवते आणि पूर्ण विश्वासानं डोळा उघडा धरते. त्यामुळेच हे लिहायला बसले. तुमची माफी मागायची आणि मग तिची, असं ठरवलं होतं. पण वाचून बघितलं तर इतकी पानं झाली आणि सगळीभर मी तक्रारच करत आलेय. तिनं मघाशी आतून विचारलं, "वन्सं, कवापासनं लिहिताय, कुणाला पत्र हाय?" मी सांगितलं, वाणसामानाची यादी करतेय. ती म्हणाली, "लय लांब यादी हाय."

हे कुठं टाकायचं नाही, तिलाही वाचून दाखवायचं नाही. ती रागावेल ही भीती नाही, आबा. ती ऐकून घेईल आणि म्हणेल, मला तवाच कळलं होतं. आणि इतकी वर्षं कळूनही ती गप्प राहिली, म्हणजे त्यातही ती माझ्यापेक्षा मोठी ठरेल. ते मला अजून सोसायचं नाही.